विश्लेषण : हिवाळ्यात कुंडीतल्या फुलझाडांची पाने अचानक का गळतात? ‘केवडा’ रोग काय आहे? उल्हासनगर-बदलापूर पट्ट्याला धोका कधी?

दिवाळी सरली की हंगामी फुलझाडांची रोपे बाजारात येतात. पिटुनिया, पॅन्सी, स्नॅपड्रॅगन, साल्व्हिया, इंपेशन्स, कोलियस. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतले किंवा चार इंची कुंडीतले रोप घरी येते, आठ-दहा दिवस बहरते आणि मग एका सकाळी पाने पिवळी पडून खाली वाकतात. पुढच्या आठवड्यात उरतो नुसता दांडा. पाणी जास्त झाले, ऊन कमी पडले, ‘माती चांगली नव्हती’, असा निष्कर्ष काढून नवे रोप आणले जाते, तेही बहुतेक वेळा त्याच कुंडीत आणि त्याच मातीत. अशा अनेक घटनांमागे ‘डाऊनी मिल्ड्यू’ म्हणजेच केवडा हा रोग असू शकतो. द्राक्ष बागायतदारांना तो चांगला परिचित आहे, शहरातल्या बाल्कनीला मात्र नाही.

उल्हासनगर कॅम्प ४ सारख्या वस्तीत हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागेवर १९४९ मध्ये वसवलेल्या या शहरात २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांहून अधिक लोक जेमतेम १३ चौरस किलोमीटरवर राहतात. बराकींच्या जागी इमारती आल्या आणि अंगण गेले. विठ्ठलवाडी स्थानकापासून लालचक्की, व्हीनस चौकापर्यंतच्या दाट वस्तीत बाग म्हणजे खिडकीची जाळी, गॅलरीचा कठडा किंवा गच्चीचा कोपरा. जागा एवढी कमी की कुंडीला कुंडी चिकटलेली. केवड्याला नेमकी हीच मांडणी मानवते. शिवाय रोप विकून पोट भरणाऱ्या छोट्या विक्रेत्याचा हंगाम दोन-अडीच महिन्यांचा असतो. त्यात शंभर रोपांतली चाळीस हातची गेली, तर त्याला भरपाई देणारी कोणतीही योजना नाही.

केवडा कसा ओळखायचा?

पहिली खूण पानाच्या वरच्या बाजूला दिसते. शिरांच्या मधल्या भागात फिकट हिरवे, मग पिवळसर डाग. अनेकदा हे डाग शिरांनी आखून दिल्यासारखे कोनदार असतात. रोगाची खात्री मात्र पान उलटल्यावरच होते. पानाच्या मागच्या बाजूला पांढरी, राखाडी किंवा काही झाडांवर जांभळट लव दिसते. ही लव पहाटे आणि सकाळी ठळक असते, दुपारच्या उन्हात ती विरळ होते. त्यामुळे संध्याकाळी कामावरून परतल्यावर झाडांकडे पाहणाऱ्याला ती दिसतच नाही. इंपेशन्समध्ये पाने आधी कडेने खाली मुडपतात, कळ्या येणे थांबते आणि मग पाने गळून हिरव्या काड्या उरतात. गुलाबात पानांवर जांभळट-तपकिरी डाग येतात आणि हात लावताच पाने गळतात. कोलियसमध्ये तपकिरी ठिपके आणि वेडीवाकडी पाने दिसतात. पानांचा रंग मुळातच चित्रविचित्र असल्याने तिथे फसगत जास्त होते.

लाल कोळी या किडीमुळे आणि अन्नद्रव्यांच्या कमतरतेमुळेही पाने पिवळी पडतात. शंका असेल तर घरच्या घरी करता येण्यासारखी एक तपासणी आहे. संशयित पान ओल्या टिश्यू पेपरसोबत प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचे. केवडा असेल तर सकाळी पानाच्या मागे ताजी लव उगवलेली दिसते. तपासणी झाल्यावर ती पिशवी न उघडता फेकायची.

सर्वात जास्त घोळ होतो तो भुरीशी. भुरी म्हणजे ‘पावडरी मिल्ड्यू’. नावात मिल्ड्यू दोन्हीकडे, रंग दोन्हीकडे पांढरा. पण भुरी मुख्यतः पानाच्या वरच्या बाजूला पिठासारखी पसरते, बोटाने पुसली जाते आणि पाने कोरडी असतानाही वाढते. केवड्याला पानावर पाणी लागते. हा फरक अभ्यासकांपुरता नाही. दोन्हींची औषधे वेगळी आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्यावर फुकट जाते.

बुरशी नव्हे, तर मग काय?

शेतकरी आणि दुकानदार केवड्याला सरसकट ‘बुरशी’ म्हणतात. कृषी विभागाच्या पत्रकांतही तसेच लिहिलेले असते. व्यवहारात त्याने फारसे अडत नाही, औषध निवडताना मात्र अडते. केवड्याचे रोगकारक ‘ऊमायसिट’ या गटातले आहेत. दिसायला ते बुरशीसारखे, धाग्याधाग्यांनी वाढणारे. कुळ मात्र वेगळे, आणि ते शेवाळांच्या काही गटांना अधिक जवळचे. खऱ्या बुरशीची पेशीभित्तिका कायटिनची असते, यांची प्रामुख्याने सेल्युलोजची. बटाट्यावरचा करपा, ज्याने १८४५ पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ आणला, तोही याच गटातला.

याचा थेट परिणाम औषधांवर होतो. भुरीसाठी वापरली जाणारी हेक्झाकोनॅझोलसारखी ‘अझोल’ गटातील औषधे बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉल तयार होण्याच्या प्रक्रियेवर घाव घालतात. ऊमायसिट ते तयारच करत नाहीत. मग घाव बसणार कुठे? शहरातल्या रोपविक्रेत्यांकडे सर्रास सुचवले जाणारे कार्बेन्डाझिम आणि भुरीवरचे गंधक, दोन्ही केवड्यावर निरुपयोगी. समाजमाध्यमांवर फिरणारे खाण्याचा सोडा, दूध, ताक यांचे नुस्खेही मुळात भुरीसाठीचे आहेत.

रोगाची रीतही समजून घेण्यासारखी आहे. रात्री दमट हवेत पानाच्या मागच्या रंध्रांतून झाडासारख्या फांद्या फुटलेले सूक्ष्म तंतू बाहेर येतात आणि त्यांच्या टोकांवर बीजाणूंच्या पिशव्या धरतात. सकाळी हवा कोरडी होऊ लागली की त्या सुटतात आणि वाऱ्याने, पाण्याच्या शिंतोड्यांनी किंवा माणसाच्या हाताने शेजारच्या पानावर जातात. द्राक्ष आणि इंपेशन्सवरील केवड्यात या पिशव्यांतून पोहणारे बीजाणू निघतात. दोन शेपट्यांच्या साह्याने ते पानावरच्या पाण्याच्या पातळ थरातून पोहत जाऊन रंध्र शोधतात. पान काही तास ओले राहिले तरी तेवढे त्यांना पुरते.

संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण पाच ते चौदा दिवस जातात. ग्राहकाच्या दृष्टीने हा सर्वात महत्त्वाचा आकडा. या काळात रोप टवटवीत दिसते, विकले जाते आणि घरातल्या इतर कुंड्यांच्या रांगेत जाऊन बसते. विक्रेत्याने फसवले असे म्हणता येत नाही, कारण त्यालाही ते दिसलेले नसते.

धोका पावसाळ्यात की हिवाळ्यात?

ओलाव्याचा रोग म्हटल्यावर उत्तर ‘पावसाळ्यात’ असे वाटते. ठाणे जिल्ह्यात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे ओलाव्याची कमतरता नाही. पण शोभेच्या झाडांवरील बहुतेक केवड्यांना ओलाव्यासोबत गारवाही हवा असतो. गुलाबावरील केवडा १५ ते २० अंश सेल्सिअस तापमानात आणि ८५ टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत फोफावतो. त्याचे बीजाणू २७ अंशांच्या वर दिवसभर राहिले तर मरतात. इंपेशन्सवरील केवड्यालाही १५ ते २२ अंशांच्या आसपासची रात्र मानवते. जुलै-ऑगस्टमध्ये उल्हासनगरची रात्र २५ अंशांच्या घरात असते. म्हणजे धो-धो पावसात पानगळ झाली, तर संशयाचे बोट आधी मूळकूज किंवा साचलेल्या पाण्याकडे दाखवावे लागेल.

काकडीवर्गीय वेली याला अपवाद आहेत. त्यांच्यावरील केवडा उबदार हवाही सोसतो, म्हणून पावसाळ्यात काकडी, दोडक्याच्या पानांवर कोनदार पिवळे डाग दिसतात. गच्चीवर भाजीपाला लावणाऱ्यांनी ते फुलझाडांवर जातील म्हणून घाबरण्याचे कारण नाही. केवड्याचे बहुतेक रोगकारक आपापल्या यजमान झाडांना धरून असतात. काकडीचा केवडा गुलाबावर येत नाही, गुलाबाचा इंपेशन्सवर जात नाही.

फुलझाडांसाठी खरा धोक्याचा काळ डिसेंबर ते फेब्रुवारी. मुंबई महानगर प्रदेशात थंडीची चर्चा सुरू झाली की बदलापूरचे किमान तापमान बातम्यांत येते, ते उगाच नाही. समुद्रापासून दूर, डोंगरांच्या कुशीत आणि उल्हास नदीच्या काठावर असल्याने तिथली रात्र मुंबईपेक्षा बरीच गार असते. अंबरनाथ, उल्हासनगरलाही त्याचा वाटा मिळतो. दिवसा तीस अंश आणि पहाटे पंधरा, असा फरक पडला की दव पडते. आणि याच आठवड्यांत हंगामी रोपांची विक्री भरात असते. रोगाला हवी ती हवा, हवे ते झाड आणि हवी ती गर्दी, हे तिन्ही योग एकत्र येतात.

त्यात भर पडते ती माणसाच्या दिनक्रमाची. पाण्याची वेळ ठरलेली, ती बहुतांश घरांत पहाटेची किंवा संध्याकाळची. नोकरदार कुटुंबात झाडांना पाणी रात्री जेवणानंतर, तेही पाइपने किंवा झारीने वरून. पाने रात्रभर ओली राहतात. दुपारी ऊन न पोहोचणाऱ्या, दोन इमारतींच्या मधल्या अरुंद गल्लीकडे तोंड असलेल्या खिडकीत ती सकाळी नऊ-दहापर्यंत वाळत नाहीत. दव नसले तरी दवाचे काम झारी करते.

जगभरात इंपेशन्सचे काय झाले?

पूर्व आफ्रिकेतून आलेले इंपेशन्स वॉलेरियाना हे युरोप-अमेरिकेतील सर्वाधिक खपाच्या बागफुलांपैकी एक होते. सावलीत फुलणारे, स्वस्त, देखभाल कमी. ब्रिटनमध्ये २००३ मध्ये त्यावर केवड्याचा उद्रेक झाला. अमेरिकेत २००४ मध्ये तो हरितगृहात आढळला, पण काही वर्षे तुरळकच राहिला. २०११ मध्ये फ्लोरिडासह काही राज्यांतील बागांमध्ये तो दिसला आणि २०१२ च्या हंगामात पूर्वेकडील मोठ्या भागात पसरला. सार्वजनिक उद्यानांतले वाफेच्या वाफे दोन-तीन आठवड्यांत काड्यांचे झाले. ब्रिटनमध्ये २०११ च्या सुमारास मेटालॅक्सिल-एम या भरवशाच्या औषधाला न जुमानणारा प्रकार आढळला आणि अनेक रोपवाटिकांनी हे फूल लावणेच थांबवले.

रोगकारकाचे नाव त्या वेळी प्लास्मोपारा ऑबड्यूसेन्स असे सांगितले जात होते. हा युरोपातील रानटी इंपेशन्सवर पूर्वीपासून ज्ञात असलेला जीव. २०१७ मध्ये मात्र संशोधकांनी बागेतल्या इंपेशन्सवरचा रोगकारक ही वेगळी प्रजाती असल्याचे दाखवले. तिला नाव दिले प्लास्मोपारा डिस्ट्रक्टर. नाव ठेवणाऱ्यांनी शब्द हातचा राखलेला नाही.

एवढी पडझड का झाली? कारण जगभर विकले जाणारे इंपेशन्सचे वाण रंगाने शेकडो असले तरी रोगाच्या बाबतीत जवळपास एकसारखे दुबळे होते. जवळचे नातलग असलेले न्यू गिनी इंपेशन्स मात्र या रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाही. बियाणे कंपन्यांना प्रतिकारक वाण बाजारात आणायला बराच काळ लागला. ‘इमारा’ आणि ‘बीकन’ ही त्यांची नावे २०२० च्या आसपास ग्राहकांपर्यंत पोहोचली. मधल्या सात-आठ वर्षांत बागा बिगोनिया आणि कोलियसकडे वळल्या होत्या.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा आहे का?

अजिबात नाही, फक्त तो फुलझाडांच्या नावावर नोंदलेला नाही. एकसारख्या वाणाचा धडा भारताने बाजरीत घेतला आहे. १९६५ मध्ये आलेल्या ‘एचबी-१’ आणि त्यानंतरच्या ‘एचबी-३’ या संकरित वाणांनी उत्पादन वाढवले, पण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला केवड्याने त्यांना झोडपले आणि ते मागे पडले. बाजरीतल्या या रोगाला महाराष्ट्रात ‘गोसावी’ म्हणतात. कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांसारख्या जटा वाढतात.

सूर्यफुलावरील केवडा भारतात पहिल्यांदा १९८४ मध्ये मराठवाड्यात, लातूर परिसरात आढळला. त्यानंतर लातूरच्या तेलबिया संशोधन केंद्राने प्रतिकारक संकरित वाण तयार केले. शोभेचे सूर्यफूल कुंडीत लावणाऱ्यांसाठी ही जुनी गोष्ट कामाची आहे. हा रोगकारक मातीत वर्षानुवर्षे तग धरतो आणि बियाण्यातूनही जाऊ शकतो.

सर्वात महागडा अनुभव अर्थातच द्राक्षाचा. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ चक्रीवादळानंतरच्या पावसाने, ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मधील अवकाळीने नाशिक आणि सांगलीच्या बागांत डाऊनीने घड गेले. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला आणि राज्यात ऑक्टोबरपर्यंत रेंगाळला. द्राक्ष उत्पादकांची फवारणीची बिले पुन्हा वाढली. फळछाटणीनंतर कोवळी फूट आणि पाऊस एकत्र आले की काय होते, हे नाशिकचा शेतकरी झोपेतही सांगेल. फरक इतकाच की त्याच्यामागे पुण्याजवळ मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, हवामानाधारित फळपीक विमा आहे आणि निर्यातीमुळे आलेली अवशेष तपासणीची शिस्त आहे.

शोभेच्या पिकांपैकी गुलाबाला याची थोडीफार सवय आहे. मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाडे परिसरात पॉलिहाऊसमधला गुलाब ‘व्हॅलेंटाइन डे’साठी निर्यात होतो. १४ फेब्रुवारीचा माल साधायचा तर झाडांची निगा डिसेंबर-जानेवारीत राखावी लागते, म्हणजे नेमक्या डाऊनीच्या दिवसांत. तिथले उत्पादक पॉलिहाऊसचे पडदे केव्हा उघडायचे आणि फॉगर केव्हा बंद करायचा, याचे वेळापत्रक सांभाळतात. रात्रीची आर्द्रता कोंडू न देणे हा त्यांचा पहिला उपचार असतो, फवारणी दुसरा. बाल्कनीवाल्यांनी उसनी घ्यावी अशी अक्कल इथेच आहे.

रोपे येतात कुठून, तपासते कोण?

हंगामी फुलझाडांची रोपे शहरात तयार होत नाहीत. पुणे-सोलापूर महामार्गालगतचा सोरतापवाडी, उरुळी कांचन परिसर रोपवाटिकांसाठी ओळखला जातो. कोकण आणि मुंबई परिसरातील बाजारांत घाटावरून रोपे येतात. प्रो-ट्रेमध्ये, कोकोपीटवर, शेडनेटखाली हजारो रोपे एकमेकांना खेटून वाढतात, दिवसातून दोन-तीनदा वरून पाणी दिले जाते आणि मग ती बंद टेम्पोतून रात्रभर प्रवास करतात. ओल, गर्दी, अंधार. एका ट्रेमधला संसर्ग सकाळी उतरताना दहा ट्रेंमध्ये गेलेला असू शकतो.

या साखळीवर रोगाच्या दृष्टीने लक्ष कोणाचे असते? परदेशातून येणाऱ्या रोपांसाठी यंत्रणा आहे. १९१४ च्या कायद्याखाली निघालेला २००३ चा वनस्पती संगरोध आदेश लागू होतो, बंदरांवर आणि विमानतळांवर तपासणी होते. देशांतर्गत वाहतुकीला मात्र अशी चाळणी जवळपास नाही. महाराष्ट्रात रोपवाटिकांचे नियमन करणारा कायदा १९६९ पासून आहे, पण त्याच्या नावातच ‘फळरोपे’ आहेत. आंबा, डाळिंब, संत्रा यांच्या कलमांची जातिशुद्धता हा त्याचा विषय. पॅन्सी आणि पिटुनिया त्यात बसत नाहीत.

अलीकडची पावलेही फळांपुरतीच आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,७६५.६७ कोटी रुपयांचा ‘क्लीन प्लांट’ कार्यक्रम मंजूर केला. देशात नऊ केंद्रे प्रस्तावित असून त्यांतली तीन महाराष्ट्रात आहेत, द्राक्षासाठी पुणे, संत्र्यासाठी नागपूर आणि डाळिंबासाठी सोलापूर. उद्देश विषाणूमुक्त मातृवृक्षांचा, म्हणून स्तुत्यच. नोव्हेंबर २०२५ मध्ये कृषी मंत्रालयाने बियाणे विधेयकाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला केला. त्यात बियाण्यांबरोबर लागवड साहित्याच्या दर्जाचाही विचार आहे. त्या चर्चेत आवाज बियाणे कंपन्यांचा आणि शेतकरी संघटनांचा. कुंडीतले रोप विकत घेणारा ग्राहक स्वतःला शेतीचा ग्राहक समजतच नाही, त्यामुळे त्याच्या बाजूने बोलणारे कोणी नाही.

प्रत्येक पॅन्सीला प्रमाणपत्र मागणे हास्यास्पद ठरेल. पंचवीस-तीस रुपयांच्या रोपावर प्रयोगशाळेचा खर्च बसवता येणार नाही. पण रोपवाटिकेचे नाव आणि रोप तयार झाल्याची तारीख ट्रेवर लिहिणे एवढे तरी शक्य आहे. रोग दिसल्यावर तो कुठून आला, हे त्याशिवाय कळायला मार्ग नाही. महापालिकांच्या बाबतीत तर हे सहज जमण्यासारखे आहे. रस्त्याच्या दुभाजकांसाठी आणि उद्यानांसाठी रोपांची खरेदी निविदेतून होते. पुरवठ्यानंतर पंधरा दिवस रोपे वेगळी ठेवून पाहणी करण्याची अट त्यात घातली, तर सुप्तावस्थेतला रोग लागवडीआधीच उघड होईल. पैसे रोपे लावून मोजण्याऐवजी जगलेली मोजून द्यावेत, एवढाच याचा अर्थ.

औषध मारावे का?

केवड्याविरुद्ध पहिले प्रभावी औषध अपघातानेच हाती लागले. अमेरिकेतून आणलेल्या द्राक्षवेलींबरोबर हा रोग १८७८ मध्ये फ्रान्समध्ये दिसला. बोर्डो परिसरात वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे किळसवाणे दिसणारे मिश्रण मारत. त्या वेली रोगापासून वाचलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी पाहिल्या आणि १८८५ मध्ये बोर्डो मिश्रणाची कृती प्रसिद्ध झाली. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, हे एक टक्क्याचे प्रमाण आजही महाराष्ट्रातल्या बागायतदाराला तोंडपाठ आहे.

बोर्डो, मॅन्कोझेब किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड ही स्पर्शजन्य औषधे पानावर कवच तयार करतात. रोग आत शिरल्यावर त्यांचा फारसा उपयोग नसतो. १९७७ मध्ये आलेले मेटालॅक्सिल झाडाच्या आत जाऊन काम करते. पण दोन-तीन वर्षांतच त्याला दाद न देणारे प्रकार जगात दिसू लागले, म्हणून ते मॅन्कोझेबसोबत मिसळून विकले जाते. फोसेटिल-अ‍ॅल्युमिनियम, डायमेथोमॉर्फ, सायमोक्झॅनिल हे पुढचे पर्याय. भारतात कीटकनाशक कायदा १९६८ खाली कोणते औषध कोणत्या पिकावर कोणत्या रोगासाठी वापरायचे, हे लेबलवर ठरवून दिलेले असते. लेबलवर द्राक्ष, बटाटा, काकडी सापडते, बाल्कनीतले इंपेशन्स शोधूनही सापडणार नाही.

आणि व्यावहारिक प्रश्न वेगळाच. मॅन्कोझेबची मंजुरी युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये नूतनीकृत केली नाही. भारतात त्याच वर्षीच्या मे महिन्यात प्रस्तावित बंदीच्या २७ कीडनाशकांच्या यादीत त्याचे नाव होते, तरी ते बाजारात राहिले. शेतात ते वापरताना मुखपट्टी, हातमोजे, वाऱ्याची दिशा पाहणे अपेक्षित असते. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत फवारलेले औषध शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, खालच्या घराच्या खिडकीत आणि गच्चीवर मारले तर पिण्याच्या पाण्याच्या टाकीभोवती पडते. तीस रुपयांच्या रोपासाठी हा धोका पत्करणे शहाणपणाचे नाही. रोगट हंगामी रोप औषधाने वाचवू नये, काढून टाकावे. बहुवर्षायू गुलाबाची गोष्ट वेगळी. त्याची रोगट पाने आणि फांद्या छाटून, कुंडी मोकळ्या उन्हाच्या जागी हलवली तर झाड बहुधा सावरते.

घरी नेमके काय करता येईल?

खरेदीच्या वेळी पान उलटून पाहणे, शक्यतो सकाळी. फुले भरगच्च असलेल्या रोपापेक्षा खालची पाने शाबूत असलेले रोप बरे. घरी आणलेले नवे रोप दोन आठवडे बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवावे. जागा नसेल तर दुसऱ्या खिडकीत. पाणी सकाळी आणि थेट मातीला, पानांवरून नाही. नळाला पाणी पहाटेच येत असेल, तर तेव्हाच झाडांना घालणे उत्तम, रात्रीसाठी राखून ठेवण्याचे कारण नाही. कुंड्यांत चार बोटे अंतर ठेवले तरी हवा खेळते. दहा कुंड्यांऐवजी सात ठेवणे अनेकांना जिवावर येते, पण उपायांत सर्वात परिणामकारक हाच आहे.

रोग दिसलाच तर दुपारी, पाने कोरडी असताना, रोपावर प्लास्टिकची पिशवी घालून ते मुळासकट काढावे. सकाळी लव ताजी असताना हलवले तर बीजाणू उडून शेजारी जातात. ते घरच्या खतकुंडीत टाकू नये. गळलेली पाने वेचून घ्यावीत, कारण जाड कवचाचे विश्रांती बीजाणू त्यांच्यातून मातीत उतरतात आणि पुढच्या हंगामापर्यंत थांबतात. त्या मातीत त्याच जातीचे फूल लगेच लावू नये. माती बदलणे शक्य नसेल तर त्या कुंडीत सदाफुली, झेंडू किंवा न्यू गिनी इंपेशन्स लावता येते. कुंडी आणि कात्री साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावी.

इटालियन बेसिल लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. तिच्यावर केवड्याचा वेगळा रोगकारक येतो आणि पाने खाण्यात असल्याने औषधाचा विचारही करता येत नाही. आपल्या वृंदावनातली तुळस त्या रोगाला बरीच कमी बळी पडते.

तेरड्यापर्यंत हा प्रश्न जातो का?

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण ज्याच्यावरून आली, तो तेरडा म्हणजे इंपेशन्सच. गौरीच्या पूजेत कोकणातली अनेक घरे तो आजही मांडतात. भारतात इंपेशन्सच्या दोनशेहून अधिक प्रजाती आहेत आणि त्यांतला मोठा वाटा पश्चिम घाटातला. काही तर एखाद-दुसऱ्या पठारावरच उगवतात. पावसाळ्याच्या अखेरीस बदलापूर, माथेरानच्या डोंगरउतारांवर जो गुलाबी रंग पसरतो, त्यात तेरड्याचे भाईबंद असतात. बागेतला रोगकारक रानात जाईलच असे नाही, कारण हे जीव यजमान निवडून घेतात. मात्र इंपेशन्सच्या गटातच त्यांच्या एकाहून अधिक प्रजाती आहेत, आणि बागेतल्या फुलावरचा जीव वेगळा आहे हे कळायला उद्रेकानंतर चौदा वर्षे लागली. त्यामुळे सहलीला जाताना घरातली मेलेली रोपे मातीसकट डोंगरात किंवा नदीकाठी ‘निसर्गात परत’ टाकण्याची जी नवी सवय दिसते, ती टाळलेली बरी. सुक्या कचऱ्याची पिशवी त्यासाठी योग्य नाही. रोगट रोप बंद पिशवीत, ओल्या कचऱ्यापासून वेगळे, घंटागाडीत द्यावे आणि त्यात काय आहे ते गाडीवाल्याला सांगावे.